हिवाळ्यात पाणथळीवर बाल्ड ईगल पाहताना: आधी पाणी, मग पक्षी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आपण उभयता मुलीकडे अमेरिकेतील कॅन्सस सिटीला राहणार आहात. भिगवणला आपण बरीच वर्षे पक्षी पाहिलेले आहेत. गुडघ्यांमुळे लांबचे चालणे जमत नाही. आणि पाणथळीवर हिवाळी मुक्कामाला आलेले बाल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे अमेरिकन गरुड, निवांत पाहायचे आहेत. कुठे जावे, कधी जावे, सोबत काय असावे आणि डोके पांढरे नसलेला पक्षी ओळखावा कसा, असे आपण विचारले आहे. मी याच भागात दीर्घकाळ राहत असून हिवाळी पक्षीगणनांत नेमाने जातो, त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

आपल्यासाठी पहिली जागा म्हणजे मिसूरी राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील लोएस ब्लफ्स राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान. कॅन्सस सिटीहून इंटरस्टेट २९ या महामार्गाने उत्तरेला निघाले की सेंट जोसेफच्या पुढे साधारण ३० मैलांवर माउंड सिटी गावाजवळ ते लागते; गाडीने दीड तास धरून चालावे. १९३५ साली स्थापन झालेल्या या आश्रयस्थानाचे नाव २०१७ पर्यंत स्क्वॉ क्रीक असे होते, त्यामुळे जुन्या पुस्तकांत आणि नकाशांत ते त्या नावाने सापडेल. मिसूरी नदीच्या पूरमैदानात बांध घालून केलेली उथळ तळी, त्यांच्या पूर्वेला वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीच्या टेकड्या, आणि तळ्यांना वळसा घालणारा सुमारे १० मैलांचा कच्चा गाडीरस्ता, अशी तेथील रचना आहे. हा संपूर्ण फेरा गाडीत बसून करता येतो आणि तसाच तो करावा, कारण गाडीइतका चांगला आडोसा दुसरा नाही. गाडी हळू जाऊन थांबली तर पक्षी तिची फारशी दखल घेत नाहीत; तेच दार उघडून माणूस खाली उतरला, की अगदी दूरवरचे पक्षीही उडतात. गुडघ्यांची अडचण येथे अडचण राहत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बहुतेक नवे निरीक्षक गरुड शोधायला निघतात आणि झाडांचे शेंडे न्याहाळत बसतात. माझा आग्रह असा की, निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावरही, प्रथम पाण्याची आणि बर्फाची स्थिती पाहावी. मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि कॅनडातील सरोवरे गोठली की तेथील गरुडांचा माशांपर्यंतचा मार्ग बंद होतो आणि ते दक्षिणेला सरकतात. थंडी त्यांना सोसते, बंद पाणी सोसत नाही. म्हणून ते मोकळ्या पाण्याच्या आणि त्या पाण्यावर जमलेल्या बदकांच्या मागोमाग येतात, आणि पाणी पुढे सरकले की तेही सरकतात. लोएस ब्लफ्सला डिसेंबरच्या पूर्वार्धात स्नो गूज या पांढऱ्या कादंबांचे थवे हजारोंनी, कधी लाखांच्या घरात उतरलेले असतात. एवढ्या मोठ्या समुदायात रोज काही पक्षी आजारी पडतात, काही शिकाऱ्यांच्या छऱ्यांनी जखमी होऊन येतात, काही थकव्याने मरतात. गरुडाचा हिवाळा मुख्यत्वे या पक्ष्यांवर निघतो.

यातून तीन वेगवेगळ्या परिस्थिती संभवतात आणि प्रत्येकीत पाहण्याची पद्धत बदलते. तळी पूर्ण मोकळी असतील तर कादंब सर्वत्र पसरलेले असतात आणि गरुडही विखुरलेले असतात. संख्या कमी भासते. कडाक्याची थंडी येऊन तळी बहुतांश गोठली, पण कादंबांच्या स्वतःच्या हालचालीमुळे मध्ये एखादा मोकळा डोह शिल्लक राहिला, तर तोच सर्वोत्तम काळ. सगळे पाणपक्षी त्या डोहात दाटीवाटीने एकवटतात आणि भोवतीच्या बर्फावर गरुड बसलेले दिसतात. हा काळ कधी दोन दिवसांचा असतो, कधी पंधरवड्याचा. पुढे तोही डोह गोठला की कादंब एका रात्रीत दक्षिणेला निघून जातात आणि त्यांच्यामागे गरुडही पांगतात. म्हणून तारीख आधी ठरवून ठेवू नये. आठवड्याचा हवामान अंदाज पाहावा आणि रात्रीचे तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली जाऊन दोन-तीन दिवस झाले की तिसऱ्या किंवा चौथ्या सकाळी निघावे.

पाणथळ पूर्ण गोठलेली असेल तेव्हा घरी बसण्याचे कारण नाही. अशा वेळी गरुड वाहत्या पाण्याकडे वळतात. कॅन्सस सिटीपासून पश्चिमेला तासाभराच्या आत लॉरेन्स शहर आहे. तेथे कॅन्सस नदीवरच्या बोवरसॉक धरणाखाली पाणी खळाळत राहिल्यामुळे गोठत नाही आणि ऐन थंडीत काठच्या कॉटनवुडच्या झाडांवर गरुड बसलेले असतात. मिसिसिपी नदीवर क्लार्क्सव्हिलजवळचे २४ क्रमांकाचे लॉक-धरण (बोटींसाठी जलद्वार असलेले धरण) किंवा आयोवातील १४ क्रमांकाचे लॉक-धरण ही याच प्रकारची, पण दूरची ठिकाणे. गिझार्ड शॅड नावाचा मासा थंड पाण्यात निपचित पडतो, धरणाच्या प्रवाहात सापडून पृष्ठभागावर येतो आणि गरुडाला तो अलगद उचलता येतो. नदीवर झडप घालण्याची दृश्ये अधिक दिसतात, हे खरे. तरीही मला पाणथळच अधिक आवडते, कारण तेथे एकाच नजरेत शिकारी, भक्ष्य, चोर आणि बघे असे सगळेच समोर असतात.

वेळेविषयी. हिवाळी गरुड रात्री एकत्र, मोठ्या झाडांवर, वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशा ठिकाणी बसतात. या रातथाऱ्यांवरून ते सूर्योदयाच्या आधीच निघू लागतात आणि दिवसातील बरेचसे खाणे सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत उरकतात. दहानंतर तेच पक्षी झाडावर किंवा बर्फावर तासन्‌तास हलत नाहीत. थंडीत ऊर्जा वाचवणे हाच त्यांचा मुख्य उद्योग असल्यामुळे दिवसाचा बहुतांश वेळ नुसते बसण्यात जातो, आणि गरुड काहीच करत नाही ही नव्या निरीक्षकांची तक्रार तेथून येते. म्हणून उजाडताना पोहोचावे; दुपारची वेळ जेवणासाठी सोडून पुन्हा सूर्यास्तापूर्वीचा दीड तास गाठावा, तेव्हा ते रातथाऱ्याकडे एकेक करून परततात. रातथाऱ्याच्या झाडांखाली मात्र कधीही जाऊ नये. कडाक्याच्या रात्री एकदा उठवलेला पक्षी पुन्हा बसेपर्यंत जी शक्ती खर्च करतो, ती त्याला दुसऱ्या दिवशी भरून काढावी लागते.

पोहोचल्यावर दुर्बीण लावण्याआधी साध्या डोळ्यांनी कादंबांकडे पाहत राहावे. भिगवणला दलदलीवरून मार्श हॅरियर फिरू लागला की चांदव्यांचा घोळका कसा पाण्यावरून धावत सुटतो, हे आपण पाहिलेले असेलच. येथे तो प्रकार कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालतो. थव्याचा एक भाग अचानक पांढऱ्या चादरीसारखा उठला, आवाज वाढला, की त्याच्या वर आणि किंचित मागे दुर्बीण न्यावी. गरुड तेथेच असतो. बहुतेक वेळा तो हल्ला करत नसतो. थव्यावरून संथपणे जाऊन तो कोण उठते आणि कोण उठत नाही हे पाहत असतो. दहा हजार पक्षी हवेत गेल्यावर पाण्यात जो एकटा राहिला, तो जखमी किंवा आजारी आहे हे त्याला कळते, आणि आपल्यालाही कळले पाहिजे. तो राहिलेला पक्षी सापडला की तेथेच नजर ठेवावी. पुढची घटना तेथेच घडणार.

ती घटना जवळून कशी दिसते ते सांगतो. पूर्ण वाढलेला स्नो गूज दोन-अडीच किलोचा असतो आणि गरुडाला एवढे ओझे घेऊन उडणे सहसा जमत नाही, त्यामुळे पंगत बर्फावरच बसते. पहिला गरुड पायांखाली शव दाबून पिसे उपटू लागतो; वाऱ्याने पांढरी पिसे बर्फावर घरंगळत जातात आणि कित्येकदा आधी तीच नजरेला पडतात. थोड्याच वेळात कावळे येऊन दोन हातांच्या अंतरावर उभे राहतात. मग दुसरा गरुड येतो, बहुधा तपकिरी, तरुण; तो उतरतो आणि चालत जवळ येतो, आणि गरुडाचे चालणे हे फारच बेंगरूळ असते. पहिला पंख पसरून शव झाकतो, मान पुढे काढून ओरडतो. हा आवाज ऐकून आपली निराशा होईल, कारण एवढ्या धिप्पाड पक्ष्याचा आवाज बारीक, तुटक किलबिलीसारखा आहे; चित्रपटांत त्याच्या तोंडी जी किंकाळी घालतात ती रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची. पुढे पायांनी झुंजण्याचा आव आणला जातो, खरी इजा क्वचित होते, आणि दोघांपैकी अधिक भुकेला असतो तो बहुधा जिंकतो. मिळवण्यापेक्षा हिसकावणे स्वस्त पडते, हे या पक्ष्याच्या हिवाळी वागण्याचे सूत्र आहे.

येथे एक खूण उपयोगी पडते. गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागात अन्न साठवण्याची पिशवी असते. ती भरली की तेथे चेंडूएवढा फुगवटा स्पष्ट दिसतो. असा फुगवटा असलेला गरुड समोर बसलेला असेल तर त्याच्या उड्डाणाची वाट पाहण्यात अर्थ नाही. तो त्या दिवशी बहुधा पुन्हा खाणार नाही. छाती सपाट असलेला, मान सारखी वळवणारा आणि शेपटीमागून विष्ठा टाकून पुढे झुकणारा पक्षी निवडावा, कारण तो उडण्याच्या बेतात असतो.

वय ओळखण्याचा प्रश्न आपण विचारलात याचा विशेष आनंद झाला, कारण हिवाळी समुदायात तपकिरी पक्षी पुष्कळ असतात आणि लोक त्यांना सोडून फक्त पांढरी डोकी मोजतात. डोके आणि शेपूट पूर्ण पांढरी व्हायला साधारण पाच वर्षे लागतात. पहिल्या हिवाळ्यातील पिल्लू सर्वांगाने गडद तपकिरी असते, चोच काळपट, डोळा गडद. याच वयात पंखांची मागची कड करवतीसारखी दिसते, कारण पिल्लाची पिसे प्रौढांच्या पिसांपेक्षा लांब असतात. शेपूटही लांब असल्याने ते मोठ्यांपेक्षा आकाराने मोठे भासते आणि अनेकांची फसगत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पोटावर आणि पाठीवर पांढऱ्याची सरमिसळ होते. पाठीवर उलट्या त्रिकोणासारखा पांढुरका पट्टा ही त्या वयाची चांगली खूण. दुसऱ्या वर्षी मागच्या कडेची काही जुनी लांब पिसे अजून शिल्लक असल्यामुळे कड विसंगत, मधूनच दात आल्यासारखी दिसते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास डोके फिकट होऊ लागते, डोळ्यातून मागे एक गडद पट्टी जाते आणि पक्षी दुरून ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. चोच आणि डोळे पिवळसर होऊ लागतात. चौथ्या वर्षी तो जवळजवळ प्रौढच दिसतो, फक्त डोक्यावर आणि शेपटीच्या टोकाला मळकट छटा उरते. हे टप्पे ठोकळेबाज नाहीत, एकाच वयाचे दोन पक्षी बरेच वेगळे दिसू शकतात, म्हणून एका खुणेवरून वय ठरवू नये.

तरुण बाल्ड ईगल आणि गोल्डन ईगल यांची गल्लत हा दुसरा नेहमीचा घोटाळा. गोल्डन ईगल या भागात हिवाळ्यात अधूनमधूनच येतो, पण येतो. तरुण बाल्ड ईगलचा पांढरा रंग पंखाच्या आतल्या अस्तरात आणि काखेत असतो. तरुण गोल्डन ईगलचा पांढरा रंग उड्डाणपिसांच्या बुडाशी आणि शेपटीच्या मुळाशी नेटका मर्यादित असतो. घिरट्या घालताना बाल्ड ईगल पंख फळीसारखे सपाट धरतो, गोल्डन किंचित वर उचललेले. बाल्ड ईगलचे डोके आणि चोच पुढे बरीच येतात. पक्षी जवळ बसलेला असेल तर पाय पाहावेत: गोल्डनचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, बाल्ड ईगलच्या पायांचा खालचा भाग उघडा आणि पिवळा असतो. नर-मादीचा भेद पिसांवरून होत नाही; मादी सुमारे पाव हिश्श्याने मोठी असते, आणि जोडी शेजारी बसली असेल तरच ते सांगता येते.

साधनांविषयी फार लिहीत नाही. आपली ८×४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एकनळी दुर्बीण, पुण्याहून आणण्याचे ओझे करू नका. मुलीकडे सोय होत असेल तर उत्तम, कारण तळ्यांवरचे अंतर मोठे असते आणि बर्फावरचे काळे ठिपके, मस्करॅट या पाणथळीतल्या उंदरासारख्या प्राण्याची गवताची घरे आणि त्या घरांवर बसलेले गरुड यांतला फरक स्कोपशिवाय लागत नाही. दुर्बीण टेकवण्यासाठी गाडीच्या खिडकीच्या कडेवर ठेवायला तांदळाची छोटी पिशवी शिवून घ्यावी. इंजिन आणि हीटर बंद करून काच पूर्ण खाली घ्यावी. आतली गरम हवा उघड्या खिडकीतून बाहेर पडत राहिली की दुर्बिणीतले चित्र थरथरते आणि लोक भिंगाला दोष देतात. ऊन चढल्यावर बर्फावरची हवाही थरथरू लागते, हे सकाळी लवकर जाण्याचे आणखी एक कारण. अर्थात काच खाली आणि हीटर बंद म्हणजे गाडीत बाहेरइतकीच थंडी. उणे १५ सेल्सिअसला बोटे काम करेनाशी होतात. पातळ हातमोजांवर जाड हातमोजे, लोकरीचे दुहेरी मोजे आणि थर्मासमध्ये चहा, यांत कसूर नको. छायाचित्रे काढणार असाल तर डोक्याच्या पांढऱ्या पिसांवर लक्ष ठेवून प्रकाश कमी करावा. गडद झाडीसमोर कॅमेरा डोके हमखास जाळतो, आणि बर्फासमोर नेमके उलट होऊन सगळा पक्षी काळा पडतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणी एकच मोजमाप चालत नाही.

भिगवणची एक सवय मात्र येथे सोडावी लागेल. नावाड्याला “थोडी आणखी जवळ घ्या” म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे, आणि रोहित उडवून त्यांचे फोटो काढणारेही असतात. येथे गरुडाला त्रास देणे हा कायद्याने गुन्हा आहे. १९४० च्या संरक्षण कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्यासाठी व्यक्तीला १ लाख डॉलरपर्यंत दंड, वर्षभराची कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा असूनही १९६३ साली अलास्का वगळून उरलेल्या सलग राज्यांत फक्त ४१७ घरटी-जोड्या उरल्या होत्या. डीडीटीमुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटत. १९७२ मध्ये त्या कीटकनाशकावर बंदी आली, मिसूरीसारख्या राज्यांनी १९८० च्या दशकात बाहेरून पिल्ले आणून सोडली, २००७ मध्ये पक्षी धोक्याच्या यादीतून निघाला, आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अंदाजात ही संख्या ७१,४०० घरटी-जोड्या आणि सुमारे ३,१६,७०० पक्षी अशी आली.

हे आकडे वाचून प्रश्न मिटला असे मानणारे बरेच आहेत. मी त्यांत नाही. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी असली, तरी हरणांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्या चालतात आणि शिकारी मागे टाकून गेलेली आतडी गरुड खातात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८ राज्यांतील १,२१० बाल्ड आणि गोल्डन ईगल तपासलेल्या अभ्यासात जवळजवळ निम्म्या पक्ष्यांत दीर्घकालीन शिसेबाधेची लक्षणे आढळली. हरणांच्या शिकारीचा हंगाम आणि गरुडांचे आगमन एकाच वेळी पडते, म्हणून हिवाळ्यात पंख लोंबकळलेला, मान खाली घातलेला, गाडी पाहूनही न हलणारा गरुड दिसला, तर त्याला निवांत समजून फोटो काढत बसू नये. आश्रयस्थानाच्या कार्यालयाला ठिकाण सांगावे.

आपल्या मुक्कामाचा शेवटचा महिना वेगळा असेल. फेब्रुवारीत बर्फ सुटू लागला की कादंब उत्तरेला परतताना पुन्हा तळ्यांवर उतरतात, आणि उथळ पाण्यात बर्फाखाली गुदमरून मेलेले मासे वर येतात. काही गरुड त्यासाठी थांबतात. त्याच वेळी मिसूरीत कायम राहणाऱ्या जोड्या अंडी घालू लागतात. त्यामुळे फेब्रुवारीअखेर काटक्यांच्या प्रचंड घरट्यावर बसलेला गरुड हा हिवाळी पाहुणा नसून स्थानिक आहे हे लक्षात घ्यावे, आणि घरट्यापासून किमान ६६० फूट दूर राहावे. तेवढ्या अंतराची शिफारस सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे.

रस्त्याच्या कडेला मेलेला कादंब दिसला तर त्याला हात लावू नये, कारण २०२२ पासून येथील वन्य पक्ष्यांत बर्ड फ्लूची साथ आहे. आणि गरुडाचे पडलेले पीस आठवण म्हणून उचलून पुण्याला नेण्याचा मोह टाळावा; पीस जवळ बाळगणे हाही त्याच कायद्याखाली गुन्हा ठरतो. सापडलेली पिसे आणि मृत गरुड सरकार कोलोरॅडोतील डेन्व्हरजवळच्या राष्ट्रीय भांडारात जमा करते आणि तेथून ते मूलनिवासी जमातींच्या सदस्यांना धार्मिक विधींसाठी दिले जातात. त्यामुळे पीस दिसले तर ते तेथेच राहू द्यावे आणि कार्यालयात तेवढी माहिती द्यावी.